दस्त्यावरचा आकडा

आमच्या अर्बाबाला, म्हणजे मालकाला, ब्रिटिशांच्या जुन्या बंदुका जमवायचा नाद आहे. साध्यासुध्या नव्हेत, दुर्बीण लावून लांबून नेम धरणाऱ्यांच्या, महायुद्धातल्या. सरकारी परवान्यासकट अशा तीन बंदुका त्याच्या मस्कतमधल्या बौशरच्या घरी बैठकीत काचेच्या कपाटात उभ्या आहेत. ते कपाट मी केलं. मी रत्नागिरीकडचा सुतार, वीस वर्षं त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात आहे, त्यामुळे त्या बैठकीत मला मज्जाव नाही.

शुक्रवारी नमाजानंतर त्याचे निवृत्त मित्र तिथे जमतात. मला आधी वाटायचं, बंदूकवाले आहेत, शिकारीच्या गप्पा मारत असतील. छे. खजूर खात, कावा म्हणजे अरबी कॉफी पीत दोन-दोन तास वाद चालतो तो स्क्रूच्या खाचेवर, पट्टा अडकवायच्या कडीवर, दस्त्याच्या पितळी पत्र्यावर. सगळ्यांत जास्त जीव त्या लाकडी उंचवट्यावर. नेमबाजाला गाल टेकता यावा म्हणून तो दस्त्यावर स्क्रूने बसवलेला असतो. ज्यावर गाल टेकवून माणसं टिपली, त्या लाकडाच्या रेषा बघून ही मंडळी माना डोलवतात. एकाने तर एक स्क्रू ‘परका’ निघाला म्हणून आख्खी बंदूक परत केली होती. आमच्याकडे मुलगी बघायला जातानाही एवढी चौकशी करत नाहीत. पण हौसेला मोल नाही म्हणतात, आणि कावा फुकट होता.

अर्बाबाचा सगळा तोरा एका बंदुकीवर. तिच्या दुर्बिणीचा नंबर दस्त्यावरही ठोकलेला असतो, आणि हे दोन्ही नंबर जुळले तरच बंदूक अस्सल. ती जोडीची दुर्बीण त्याने सहा वर्षं शोधली होती. आता एक म्हातारा इंग्रज मस्कतला येणार होता. या लोकांत त्याचा शब्द शेवटचा. तो हो म्हणाला की अर्बाब जिंकला.

इंग्रज यायच्या आठ दिवस आधी एसीच्या कोरड्या हवेने दस्त्याला बारीक चीर गेली. अर्बाबाने दस्ता सोडवून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, फक्त चीर बुजव.

मी तो रुवीजवळच्या आमच्या कारखान्यात आणला. दस्ता काळाकुट्ट होता. कोणाकोणाचा घाम, तेल, मळ, सगळं त्यात मुरलेलं. माझे हात शिवशिवायला लागले. सुताराच्या हातून वस्तू मळकी बाहेर पडता कामा नये, असं वडील म्हणायचे. मी तीन नंबरांचा पॉलिशपेपर फिरवला. मुठीत धरायच्या बारीक भागावर कुणीतरी खिळ्याने ओरखडल्यासारख्या खुणा होत्या, तिथे जरा जास्तच फिरवला. वरून लाखेचं पॉलिश दिलं. आतलं अक्रोडाचं लाकूड असं उजळलं की माझा मीच खूश.

घरी बायकोला मोबाइलवर आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला. तिने आधीचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, हा नंबर कसला?

ज्या खुणा मी घासून काढल्या, ते आकडे होते. शुक्रवारचं अरबी मला निम्मंच कळायचं. दुर्बिणीच्या जोडीचा नंबर लोखंडावर असणार, असं मी तोवर धरून चाललो होतो. करायला गेलो गणपती, झालं माकड. तेवढ्यात अर्बाबाचा फोन. त्याने विचारलं, “खलास?” काम झालं का, असं त्याला म्हणायचं होतं. मी म्हणालो, “खलास, अर्बाब.” त्याच्या भाषेत दस्ता तयार होता, माझ्या भाषेत मेला होता. इतकं खरं उत्तर मी त्याला वीस वर्षांत दिलं नव्हतं.

बायकोचं मत सरळ होतं. फोटो आहे, नंबराचे पंच कारखान्यात आहेत, तसाच ठोका आणि गप्प बसा. माझा व्हिसा, तिची इथली नोकरी, पोरीची शाळा, सगळं त्या एका माणसाच्या मर्जीवर होतं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं मला वाटलं. शिवाय मी स्वतःला प्रामाणिक समजतो, ही आणखी एक हौस. सकाळी जाऊन सगळं सांगून टाकलं.

तो ओरडला नाही. दस्ता उलटसुलट करून बघत राहिला, मग पहिल्यासारखा होईल का, एवढंच विचारलं. होईल म्हटल्यावर म्हणाला, कर. स्क्रूच्या खाचेवरून दोन-दोन तास वाद घालणारा हाच तो माणूस.

मी आधी टाकाऊ लाकडाच्या तुकड्यांवर आकडे ठोकून हात बसवला, मग दस्त्यावर नंबर ठोकला. चहाचं पाणी, काजळी, जवसाचं तेल, कारखान्यातली धूळ; चार दिवसांत ऐंशी वर्षं चढवली.

इंग्रज आला. कपाटाची काच सरकवायला मला बोलावलं होतं. त्याने खिशातून भिंग काढलं, दुर्बिणीचा नंबर वाचला, दस्त्याचा वाचला, आकड्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाला, असा हात आता बघायला मिळत नाही. मित्रांनी अर्बाबाला मिठ्या मारल्या. सांगायला लाज वाटते, पण माझी छाती फुगली.

मंडळी गेल्यावर अर्बाब बंदुकीसमोर एकटाच बसला होता. मी काच लावता लावता म्हटलं, सगळे खूश होऊन गेले. त्याने बंदुकीवरची नजर काढली नाही.

“उस्ताद,” तो त्याच्या हिंदीत म्हणाला, “तुम नहीं बोलता, तो मेरा बंदूक अभी भी असली होता.”