औषध नासलं नव्हतं

मला हिमोफिलिया आहे. रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळे गुडघ्यात आतल्या आत रक्त साचतं आणि गुडघा नारळाएवढा फुगतो. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन शिरेत गेलं की ते थांबतं. बायको जिल्ह्याच्या दवाखान्यातून इंजेक्शन द्यायला शिकून आली. रोज गाईंच्या धारा काढणारा तिचा हात, शीर पहिल्या खेपेलाच सापडायची. सिस्टरांनी कौतुक केलं तेव्हा कॉलर माझीच ताठ झाली.

संगमनेर तालुक्यातलं आमचं घर दुधावर चालतं. त्यामुळे औषधही ती दुधासारखंच सांभाळायची. नगरहून बाटल्या यायच्या त्या बर्फ भरलेल्या किटलीतून. घरात फ्रिज उघडायची कुणाची टाप नव्हती. पाहुण्यांनाही माठातलंच पाणी, मग त्यांनी तोंड वाकडं केलं तरी चालेल.

यंदा उन्हाळ्यात गुडघा फुगला, तिनं इंजेक्शन दिलं, पण सूज उतरेना. दुसरं दिलं, तरी तेच. बाटली उजेडात धरून ती म्हणाली, “नासलंय हे. परवा लई येळ लाईट नव्हती.”

“औषध म्हणजे काय दूध आहे?” मी खेकसलो. पण मनातून मलाही तेच हवं होतं. निदान लाईटवाल्यांना शिव्या घालता आल्या असत्या.

नव्या बाटल्या आणल्या. त्यांचाही उपयोग झाला नाही. मग दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “औषध चांगलं आहे. तुमच्या शरीराला ते परकं वाटायला लागलंय. रोगजंतूंना मारावं तसं शरीर फॅक्टरला मारतंय. याला इन्हिबिटर म्हणतात.”

“मग जास्ती द्या की,” बायको म्हणाली.

“आत्ता दिलं तर शरीर आणखी चवताळेल. वेगळं इंजेक्शन मागवते. ते येईपर्यंत बर्फ आणि आराम.”

“वो मॅडम, आमचा फ्रिजच बिघडला आसंल. तुमी परत बघा की.” तिनं चक्क हात जोडले. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी गुडघा आणखी वर आला. एवढा बाप्या मी, पण विव्हळत पडलो होतो. आपल्याच अंगावर चिडून करायचं काय?

धारा आटोपून बायको खाटेवर येऊन बसली. सवयीनं तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं शीर चाचपली. लगेच सापडली. द्यायला काहीच नव्हतं. अंगठा तिथंच दाबून धरून ती रडायला लागली.