आन्थेचा दाढीवाला तान्हा

आन्थेचं चीज अख्ख्या बेटावर नावाजलेलं होतं आणि तिची जीभही. भाव करायला गेलेलं गिऱ्हाईक बहुधा बोलणी खाऊनच परत यायचं. तिचा एकुलता एक मुलगा लिकोस राजाच्या जहाजावर वल्हं मारायला ट्रॉयच्या लढाईला गेला होता. आमच्या गावातून त्या जहाजावर दोघंच होते, लिकोस आणि शेजारचा दामोन.

लढाई संपली, पण जहाज काही आलं नाही. मग ते बुडाल्याची बातमी आली. दामोनची बायको मिर्तो हिनं केस कापले, रिकामी समाधी रचून तिच्यावर दूध-मध ओतलं, नवऱ्याचं सगळं रीतसर केलं. आम्ही बायका तशाच आन्थेकडे गेलो, तर तिनं आम्हाला दारातूनच हाकललं.

"माझ्या पोराला मारायची एवढी घाई का झालीय तुम्हाला?" ती म्हणाली. "रडायचं तर आपापल्या दारात जाऊन रडा."

मी सुईण. लिकोसला जगात आणलं ते माझ्याच हातांनी, पण तिनं मलाही सोडलं नाही. रोज संध्याकाळी ती त्याचा वाटा काढून ठेवायची आणि सकाळी तो बकऱ्यांना घालायची. वर्षानुवर्षं हेच चाललं. मला तिचा राग यायचा, आणि पोटात तुटायचंही.

शेवटी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, राजा परक्यांच्या जहाजातून आला. त्याच्याबरोबर एकटा दामोन उतरला. राणीनं राजाचे विधी कधी होऊच दिले नव्हते, म्हणून तो थेट वाड्यात जाऊन जेवायला बसला. दामोनला मात्र त्याच्याच दारात थांबावं लागलं.

"मिर्तो, अगं जिवंत आहे मी."

"दिसतंय मला," मिर्तो रडत म्हणाली. "पण तुझं सगळं करून बसलेय ना मी."

ज्याचे विधी झाले तो आमच्याकडे मेलेलाच. त्यानं उंबरा ओलांडायचा नाही, देवळात जायचं नाही, त्याला कुणी शिवायचं नाही. दामोन बकऱ्यांच्या गोठ्यात राहू लागला. मिर्तो दगडावर भाकरी ठेवून मागे सरायची. तो गेला तेव्हा रांगणारी त्याची मुलगी लांबून बघत उभी राहायची. एवढं युद्ध झेलून आलेला माणूस, पण पोरीकडे बघून ढसाढसा रडायचा.

पुजारी म्हणाला, यानं पुन्हा जन्म घ्यायला हवा. मुलगा झालेल्या एखाद्या बाईनं त्याला तान्ह्यासारखं न्हाऊ घालायचं, गुंडाळायचं, छातीशी लावायचं आणि चुलीभोवती फिरवायचं. दामोनची आई कधीच वारली होती. बायकोला हे करता येत नाही, कारण तिनंच जन्म दिला तर तिला नवरा कुठून मिळणार? आणि दुसरी कुणी पुढे येईना. त्याच्या अंगावरचं मरण उतरलं की त्या घरच्या मुलावर जातं, असं आम्ही सगळ्याच मानतो. बायकांनी आपापली पोरं घरात ओढली. मला दोन मुलगे आहेत, मीही मान खाली घातली.

आन्थेला विचारण्याची कुणाचीच छाती नव्हती. विचारणं म्हणजे लिकोस मेला असं तिच्या तोंडावर म्हणणं. दामोननंही मला हात जोडले. "आन्थेमावशीकडे नका जाऊ. मी राहीन इथंच गोठ्यात." त्यावरून मी समजले ते समजले.

थंडी पडायला लागली तशी एका सकाळी आन्थे माझ्या दारात आली.

"पाणी तापव. त्या मिर्तोच्या नवऱ्याला न्हाऊ घालायचंय."

"आन्थे, मुलगा असलेली बाई हे करत नाही गं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तू पाणी तापव."

मी पाणी तापवलं.

तिनं दामोनला खसाखसा घासलं, कानामागचा मळसुद्धा सोडला नाही. गुंडाळायला कापड पुरेना, पाय बाहेर राहिले. त्याला उचलून आन्थेच्या मांडीवर ठेवणाऱ्यांपैकी एकजण कुरकुरला, "लढाईत उपाशी होता म्हणे हा. पटत नाही बुवा." लोक हसले, दामोनही हसला. मग आन्थेनं त्याचं दाढीवालं डोकं आपल्या सुकलेल्या छातीशी धरलं.

"माती मिळाली का रे त्याला?" तिनं हळूच विचारलं.

"मिळाली, मावशी. मीच घातली, या हातांनी."

"मावशी काय म्हणतोस? आता जन्म दिला ना तुला? आई म्हण."

चुलीभोवती फेरा झाला आणि मिर्तोनं नवऱ्याचा हात धरून त्याला घरात नेलं. दुसऱ्या दिवशी आन्थेनं केस कापले. लिकोससाठी रचलेल्या रिकाम्या समाधीवर दूध-मध ओतलं ते दामोननं, धाकटा भाऊ म्हणून.

संध्याकाळी तिनं नेहमीसारखा लिकोसचा वाटा काढला. मग तो पदराखाली झाकून दामोनच्या दारात नेला आणि म्हणाली, "घे, गार व्हायच्या आत खा."