उकिरड्यावरचा मोबाईल

पारनेर तालुक्यातल्या त्या गावात आबासाहेबांच्या संकलन केंद्रावर पाणी घातलेलं दूध न्यायची कुणाची छाती नव्हती. लॅक्टोमीटरवर दुधाची डिग्री नंतर, आधी आबासाहेब कॅन नुसता हुंगायचे आणि जाहीर करायचे, "भिमाजी, तांब्याभर पाणी हाय यात."

"म्हैसच पानी लई पिती, तिला काय सांगू?" भिमाजी आभाळाकडं बघायचा.

"भेसळ आपल्या नाकातून सुटत न्हाई," हे आबासाहेबांचं वाक्य गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

घरात मात्र हे नाक चोंदलेलं. त्यांची आठवीतली लेक आरती चार महिन्यांत निम्मी झाली. मोबाईल वाजला की दचकायची, शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसायची. आबासाहेबांनी निदान केलं, जंत! गोळ्याही आणल्या.

शेवटी एका दुपारी तिनं आईपाशी तोंड उघडलं. मोबाईलवरची तिची नाशिकची मैत्रीण 'निकिता' म्हणजे कुणीतरी बाप्या निघाला होता. आधी गोड बोलणं, मग गुपितं, मग फोटो, आणि मग त्याच फोटोंवरून धमक्या.

आईनं, राजेश्वरीनं, हे नवऱ्याच्या कानावर घातलं. आबासाहेबांनी पहिला जाब विचारला तो लेकीला, "फोटो धाडलेसच कशाला?" उत्तराची वाट बघायला वेळ कुणाला? मोबाईल हिसकावला, खिडकीतून थेट उकिरड्यावर भिरकावला. त्यांच्या हिशेबानं प्रकरण मिटलं. आरतीनं आतल्या खोलीची कडी लावली.

"त्यो मुडदा तिला रोज हेच सांगायचा," राजेश्वरी म्हणाली. "सांग म्हनं घरी खुशाल, बाप तुलाच बोलंल. तुमी त्याला खरं केलंत."

 आबासाहेबांनी नगरला सायबर पोलिसांना फोन लावला.

"मोबाईलमधलं काही पुसू नका, तोच पुरावा आहे. तुमच्याजवळच आहे ना?"

"हाय की. म्हंजे... परड्यात हाय."

तोवर उकिरड्यावर दोन गोठ्यांचं शेण येऊन पडलं होतं. संध्याकाळी घराला लागूनच असलेल्या केंद्रावर कॅन घेऊन रांग लागली, तर आबासाहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात दाताळं घेऊन ढिगात उभे. असली संधी भिमाजी सोडतो होय?

"आबासाहेब, आता शेनाचीबी डिग्री लावता का काय?"

रांग खदखदली. 'घड्याळ पडलंय' ही थाप आबासाहेबांच्या अगदी जिभेवर आली होती. तेवढ्यात मागं कडी वाजली. उंबऱ्यात आरती उभी होती.

"मोबाईल हुडकतोय," आबासाहेब खाली बघत म्हणाले. "मीच फेकला. पोरीची काय बी चूक नव्हती. माझंच डोकं फिरलं हुतं."

"आन् दूध कवा घेनार?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"थांबा. नासलं तर नासू द्या."

हे त्या तोंडून आल्यावर रांगेतलं हसणं आपोआप थांबलं. आरती पायरी उतरली, बापाकडं न बघता उकिरड्याला वळसा घालून पलीकडं गेली.

"पप्पा, तिकडं न्हाई. हिकडं, कडब्याच्या बाजूला पडलाय. मी बघितलंय."