कार्डावरची गिरजा, आधारवरची वंदना

बीएलओची ड्यूटी ज्यानं एकदा केली, त्याला गप्पांना विषय शोधावा लागत नाही. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की कोणी तरी म्हणतंच, "बाई, यादीतलं काही सांगा ना!" आणि मी सांगते. आता बीएलओ म्हणजे कोणी मोठा ऑफिसर नव्हे हो. मतदारयादी घेऊन दारोदार फिरणारी मास्तरीण, बस्स! मी बारा वर्षं फिरले, अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात. कापसाचं काहीच खरं राहिलं नव्हतं, ती वर्षं. निम्मे पुरुष सुरतेला नाही तर पुण्याकडे कंपनीत. गावात उरल्या बाया, म्हातारे आणि माझी यादी!

सरकारचं म्हणणं सोपं. एक माणूस, एक नाव, एक फोटो. वऱ्हाडात हे जमणार कसं? इथे आईनं ठेवलेलं एक, शाळेत घातलेलं दुसरं आणि बाई असेल तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं तिसरं! मला का हसता? मी स्वतः माहेरी अमरावतीला सुनंदा, सासरी अकोल्यात वैशाली. अजूनही माहेरी गेले की वैशाली म्हटलेलं मला ऐकूच येत नाही.

* * *

पहिल्या वर्षी मी यादी घेऊन चौकात उभी राहिले आणि नावं पुकारली. एक माणूस पुढे येईल तर शपथ! सगळे बाप्ये माझ्याकडे टकामका पाहून राहिले होते.

मग आले चांदचाचा, गावचे कोतवाल. पन्नाशी उलटलेली, खाकी शर्ट, सायकल, कानाला खोवलेली बिडी. तलाठ्याचा निरोप असो, कोणाची मयत असो की लग्न असो, चाचा हजर. लग्नाच्या पंगती उठल्या की गावभरून गोळा केलेली भांडी ज्याची त्याला पोहोचवायचं कामही त्यांचंच. भांड्यावरचं नाव वाचायचं, सायकलला बांधायचं, दारात नेऊन द्यायचं. तीस वर्षांत एक वाटी इकडची तिकडे झाली नाही, असं गाव सांगतं.

चाचांनी माझ्या हातची यादी पाहिली आणि हसले. "बाई, तुमी कागदावरचं नाव घेऊन राहिल्या. ते नाव त्याच्या घरात कोणालेच माहीत नाही!"

त्या दिवशी मी नाव वाचायचे आणि चाचा त्याचं भाषांतर करायचे. "हा पुरुषोत्तम म्हणजे आपला बंड्या. हे सुलोचना म्हणजे पिठाच्या गिरणीवाली काकू." संध्याकाळपर्यंत साडेतीनशे मतदार सापडले. माणसाला पगार केवढासा, आणि आठवतं किती!

* * *

एका पोराच्या मतदार कार्डावर नाव होतं उकर्डा. आधारवर राजेश. सुरतेला कंपनीत लागला होता, तिथे लोक उकर्ड्याचा अर्थ विचारत. तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला, "बाई, कार्डावरबी राजेश करून द्या. लाज वाटते."

मी फॉर्म भरला. घरी सहीला गेलो तर त्याची आई चुलीपुढून उठली.

"काहून बदलता नाव? तीन गेले माहे याच्या आंधी. तिघाइचे नावं चांगले होते. हा पैदा झाल्या झाल्या उकिरड्यावर ठेवला, दोन मुठी कोंड्यात परत इकत घेतला, तवा जगला!"

फॉर्म माझ्या हातातून राजेशनं हळूच काढून घेतला आणि खिशात ठेवला.

पुढच्या मतदानाला तो सुरतेहून दोन गाड्या बदलून आला. पोलिंग ऑफिसरनं विचारलं, "दोन कार्डं, दोन नावं. खरं कोणतं?"

पोरगा म्हणाला, "साहेब, राजेश पगार उचलतो. मत उकर्डा देते!"

* * *

गावात एक म्हातारं जोडपं होतं. बाईच्या कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. बाहेरून आलेला पोलिंग ऑफिसर भला माणूस, म्हणाला, "आजी, नवऱ्याचं नाव सांगा, म्हणजे जुळवून घेतो."

आजीनं पदर तोंडात धरला. "अगाई! ते कसं घेऊ?"

"घ्यावं लागेल आजी."

आजी वळली आणि पुरुषांच्या रांगेकडे तोंड करून ओरडली, "अवोऽ, या सायबाले तुमचं नाव सांगा!"

बाबा कानानं अधू. ते नुसते हसले. मग सगळ्या रांगेनंच त्यांचं नाव सांगितलं, एका आवाजात!

साहेबाला वाटलं, आता दुसऱ्या बाजूनंही खात्री करून घ्यावी. बाबांच्या कानाशी जाऊन त्यानं विचारलं, "बाबा, बायकोचं नाव काय?"

बाबांनी बराच विचार केला. "आमी त 'अवं' म्हणतो."

साहेबानं डोक्याला हात लावला. चाचा म्हणाले, "साहेब, पन्नास वर्षं या दोन नावांवर संसार झाला. एका मताचं काय घेऊन बसले!"

* * *

आमच्या गावी वसंतराव म्हणून एक गृहस्थ. जुन्या पाटलांच्या पॅनलचे कायमचे पोलिंग एजंट. कायदा तोंडपाठ! कोणाच्या ओळखीवर शंका असेल तर एजंट दोन रुपये भरून हरकत घेऊ शकतो, हे त्यांना मॅट्रिकच्या आधी ठाऊक झालं असावं. खिशात दोन-दोनची नाणी घेऊनच यायचे.

एकदा डोईवर पदर ओढलेली एक बाई आली. दोन कार्डांवर दोन नावं. वसंतरावांनी टेबलावर नाणं आपटलं, "हरकत! हे ते बाई नोहे."

बाईनं पदर बोटभर मागे सारला. "काहून रे वसंता, मागच्या अखाजीले माह्या हातच्या सहा पुरणपोळ्या खाल्ल्या, तवा बरं वळखलं मामीले!"

वसंतराव दोन रुपये परत मागायचंही विसरले.

* * *

या मला सगळ्यात आवडतात. दोन सख्ख्या जावा. फोटोच्या कॅम्पात घोटाळा झाला आणि थोरलीच्या कार्डावर धाकटीचा फोटो, धाकटीच्यावर थोरलीचा. दुरुस्ती कोण करतं? मतदानाला दोघी बरोबर जायच्या, दोन्ही कार्डं एकदम टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे घ्या, दोन तोंडं अन दोन कार्डं. लावा तुमच्या हातानं!"

मध्ये दोघींचं भांडण झालं. चुली वेगळ्या, दारं वेगळी, बोलणं बंद. पण मतदानाच्या दिवशी पाहते तर दोघी एकमेकींकडे न पाहता शेजारी शेजारी चालत येऊन राहिल्या! एकटीनं जाऊन भागणारच नव्हतं ना.

मी थोरलीला म्हटलं, "आता तरी फॉर्म भरा. पंधरा दिवसांत नवीन कार्ड येते."

थोरली इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "नोको बाई. ते दुरुस्त झालं त मंग आमाले सोबत चालाचं कारणच राहणार नाही."

फॉर्म मी पर्समध्ये परत ठेवला. सरकारी काम मी जन्मात एकदाच मुद्दाम टाळलं, ते हे.

* * *

आता गिरजाचं सांगते.

आमच्या गावची एसटी बंद झाली होती. रस्ता उखडला, म्हणून गाडी फाट्यावरूनच वळायची. फाटा चार किलोमीटर. शाळा गावात सातवीपर्यंत. पोरं चालत जायची फाट्यापर्यंत, पोरींना कोणी धाडायचं नाही. दरवर्षी माझ्या हातून सातवी पास झालेल्या पोरी जूनमध्ये निंदायला जाताना दिसायच्या. "नमस्ते बाई" म्हणायच्या खुरपं हातात घेऊन. मी मान वळवायचे.

गिरजाची पोरगी त्या वर्षी सातवीत होती. सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं आणि वसंतरावांच्या सुनेचं बिनविरोध ठरलंसुद्धा. गिरजा माझ्याकडे आली. नवरा प्रल्हाद सुरतेला, घरी सासू, दोन एकर रान. म्हणाली, "बाई, मी फॉर्म भरतो. मले बाकी काही नाही पाह्यजे. एसटी पाह्यजे."

भरला फॉर्म! आणि छाननीच्या दिवशी वसंतरावांनी हरकत घेतली. यावेळी कारण पक्कं होतं. मतदारयादीत आणि कार्डावर गिरजा प्रल्हाद. आधार काढलं होतं शाळेच्या दाखल्यावरून, तिथे माहेरचं नाव, वंदना महादेव. वसंतराव म्हणाले, "या दोन येगयेगळ्या बाया हायेत, साहेब. फोटो पाहा."

फोटो पाहून काय कपाळ कळणार? कार्डावरचा काळा, आधारवरचा पांढरा. खुद्द गिरजा म्हणाली, "दोन्हीतली मी नोहेच वाटते!"

यादी घेऊन मलाही तहसीलमध्ये बोलावलं होतं. मी सांगितलं, ही बाई तीच आहे. छाननी करणारा साहेब तरुण होता, सरळ होता. म्हणाला, "मॅडम, माझा विश्वास आहे. पण कागद दाखवा. दोन्ही नावं एका ठिकाणी लिहिलेली."

लग्नपत्रिका होती. तिच्यावर फक्त वंदना, कारण पत्रिका छापतात तेव्हा नाव कुठे बदललेलं असतं? ते बदलतं मांडवात. साहेब म्हणाला, "प्रल्हादचं लग्न वंदनाशी झालं, मान्य. पण गिरजा कोण? तीन वाजेपर्यंत वेळ देतो."

घड्याळात पाऊण वाजला होता. गिरजा व्हरांड्यात खाली बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "जाऊ द्या बाई. पोरीले मी फाट्यावर रोज पोचवून देतो." चार किलोमीटर सकाळी, चार परत, मग दिवसभर वावरात काम!

चाचा खांबाला टेकून उभे होते. ते एकदम सरळ झाले. "बाई, दोन्ही नावं एका जागी म्यां पाह्यले हायेत. वाचले हायेत. कमीत कमी पंधरा लग्नात!"

आणि सायकलवर टांग टाकून गेलेसुद्धा.

नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं. उन्हं तापलेली. अडीच वाजले, पावणेतीन वाजले. वसंतराव घड्याळाकडे आणि मी रस्त्याकडे. तीनला सात मिनिटं कमी असताना चाचा आले, घामानं निथळत. कॅरिअरला सुतळीनं बांधलेला पाणी भरायचा पितळी गुंड!

गुंड साहेबाच्या टेबलावर बसला. वरच्या अंगाला टिंबाटिंबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. वंदना हीस मामाकडून, अकोट', खाली लग्नाची तारीख. पत्रिकेवरचीच! आणि त्याच्याखाली, दुसऱ्या हातानं घातलेलं, 'सौ. गिरजा प्रल्हाद' आणि आमच्या गावाचं नाव.

"हे खालचं नाव कोणी घातलं?" साहेबानं विचारलं.

चाचा धापा टाकत म्हणाले, "सासूनं. म्हणे, गुंड पंगतीले जाते. वर अकोटचं नाव. चुकला त अकोटले जाईन!"

वसंतराव उठले. "साहेब, गुंडावर दोन नावं म्हणजे प्रल्हादच्या दोन बायका!"

तेव्हा गिरजा पहिल्यांदा पुढे आली. "भाऊजी, एकीले पोसणं झालं नाही म्हणून माणूस सुरतले गेला. दुसरी कोठून आणन?"

सगळं ऑफिस हसलं. साहेबही हसला, मग गंभीर झाला. "ठीक आहे. पण फाइलला गुंड कसा लावू? याची झेरॉक्स पाहिजे."

तीनला तीन मिनिटं! मी पर्स उघडली. बीएलओच्या पर्समध्ये दुसरं काही नसलं तरी पेन्सिल असते. कोरा कागद गुंडावर ताणून धरला चाचांनी, आणि मी घासली पेन्सिल, शाळेत पोरं नाण्यावर घासतात तशी. अक्षर अक्षर उमटत गेलं. वंदना आली, अकोट आलं, तारीख आली. शेवटी गिरजा आली.

साहेबानं कागदावर शिक्का मारला, काही तरी लिहिलं आणि म्हणाला, "अर्ज वैध."

चाचांनी गुंड लगेच सायकलला बांधला. "जातो बाई. तिची सासू सांजच्या पाण्यासाठी वाट पाहून राहिली."

गिरजा निवडून आली. रस्ता व्हायला दीड वर्ष लागलं, त्यासाठी ती कुठे कुठे जाऊन बसली ते एक वेगळंच रामायण आहे. आता सकाळी सव्वानऊची एसटी गावात येते, आणि पहिल्या तीन सीटवर पोरी असतात. गिरजाची मुलगी तर पुढे अमरावतीला नर्सिंगला गेली. तिच्या सगळ्या कागदांवर एकच नाव आहे, आईनं स्वतः तपासून घेतलं!

मागे एकदा जुन्या फायली बांधायला मला तहसीलमध्ये बोलावलं. ती फाइल हाती आली. पेन्सिलचा कागद तसाच होता. खाली शिक्का, सही आणि त्या तरुण साहेबाच्या नीटस अक्षरात एक शेरा:

'मूळ प्रत, पितळी, एक नग, समक्ष पाहिली. पाणी भरणेकामी परत केली.'