बीप वाजली की वळायचं

बोरगाव मेघेच्या मैदानावर भरतीची पोरंपोरी पळवता पळवता माझे गुडघे गेले आणि किस्से तेवढे उरले. कोणी चहा पाजला की एखादा निघतो.

आमची बीप टेस्ट साधी. मैदानावर समोरासमोर दोन रेषा. स्पीकरवर बीप वाजायच्या आत पलीकडची रेषा गाठायची आणि वळायचं. बीप हळूहळू जवळ जवळ वाजायला लागते. ज्या वेगापर्यंत टिकला, तो तुमच्या दमाचा वेग. पुढचा सराव त्यावर ठरतो. एवढंच. पण हे एवढंच मी रोज नव्याने सांगतो.

*

कारंज्याला एकदा ढाब्यालगतच्या मैदानात टेस्ट लावली. ऐन भरात एक ट्रक रिव्हर्स घ्यायला लागला, त्याचीही बीप. पोरं अर्ध्यातूनच वळायला लागली, दोघं एकमेकांवर आदळली. मी शिट्टी फुंकली तर एक जण धापा टाकत म्हणाला, "सर, ऐकाचं कोनाचं? ट्रक तुमच्याहून फास्ट वाजून राह्यला."

*

हिंगणीच्या अतुलला वनरक्षक व्हायचं होतं. दर वेळी तो सगळ्यांत आधी बाहेर. "दम नाई उरला, सर." एका सकाळी बाजूच्या तुरीतून रानडुक्कर निघालं. बाहेर बसलेला अतुल सगळ्यांना मागे टाकून थेट शाळेच्या व्हरांड्यात.

मी म्हटलं, "दम होता की रे."

"हा वेग नका धरू, सर. हा डुकराचा हाय."

*

आता दुपारी डुलकी लागली आणि घरातली वॉशिंग मशीन वाजली, की माझे पाय आपोआप हलतात. बायको म्हणते, "पडून राहा. कपडे झाले फक्त."

*

वैशालीचं मात्र मी सहसा सांगत नाही. वयाच्या अटीत पोलीस भरतीची ही तिची शेवटची संधी होती. सासू रोज सोबत यायची, तान्ह्या नातीला घेऊन कडेला बसायची. चेहरा कडक. मला वाटायचं, सुनेवर पाळत ठेवते.

वैशाली दर टेस्टला अर्ध्यात थांबायची. धाप मात्र नसायची. शेवटी मी चिडून विचारलं, "दम असून काऊन थांबतेस?"

ती खाली बघत म्हणाली, "पोरगी रडली का पाय उचलत नाई, सर."

सासूने ऐकलं.

पुढच्या टेस्टला बीप सुरू झाली तशी ती उठली आणि नातीला कडेवर घेऊन मैदानाबाहेर, रस्त्याने दूर चालत गेली. इकडे एकेक जण गळत गेला. वैशाली पळत होती.

थोड्या वेळाने म्हातारी फाटकाशी आली. नात खांद्यावर हुंदके देत होती. मी जवळ गेलो.

"झालं का तिचं?" तिने हळूच विचारलं.

"नाई. अजून पळून राह्यली."

"मंग मी अजून एक चक्कर मारून येतो," म्हणाली, आणि नातीच्या डोक्यावर पदर ओढून परत वळली.