दोनदा पहिल्यांदाच पाहिलेला सिनेमा

उन्हाळ्यात येणाऱ्या सुपरहिरोच्या मोठ्या सिनेमाबद्दल माझं मत विचारलं, तर ते मी लगेच सांगतो. अर्धा तास कापायला हवा होता. उडणारी माणसं एकमेकांना इमारतींवर आपटतात, अख्खं शहर मोडतं, आणि पुढच्या दृश्यात रस्ता स्वच्छ. तो कोणी झाडला ते कोणी दाखवत नाही. पण या वर्षीच्या सिनेमाबद्दल मला एवढ्यावर थांबता येत नाही, कारण तो मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा घरात खोटं बोललो. एकदा बायकोशी, एकदा लेकीशी.

आमच्या घरी एक नियम आहे. लेक सात वर्षांची असताना तिला मी असला पहिला सिनेमा दाखवायला कुडाळला नेलं. येताना मोटारसायकलवर मागून माझा शर्ट घट्ट धरून तिने वदवून घेतलं, की असे सिनेमे यापुढे आपण दोघांनी मिळूनच बघायचे, एकट्याने नाही. ती पुण्याला नोकरीला लागली तरी नियम टिकला. पुण्यात तिच्या मैत्रिणी पहिल्याच दिवशी जातात, ती जात नाही. मे महिन्यात शनिवार-रविवार गाठून गावी येते, आणि मग आम्ही जातो.

या वर्षी ती शनिवारी येणार होती. सिनेमा गुरुवारी लागला.

मी मास्तर आहे. शाळेला सुट्टी होती, घरच्या कलमांचे आंबे उतरवून झाले होते. आंबे भरायची खोकी मात्र खरोखरच संपली होती, म्हणून सकाळी मोटारसायकल काढली.

"एवढ्या उनात खंय जातास?" बायकोने विचारलं.

"कसालाक. खोकी हाडूक."

कसाल आलं, खोक्यांचं दुकान दिसलं, आणि मी न थांबता पुढे कुडाळला गेलो. विद्यार्थी भेटले की शेवट सांगून टाकतील, मग लेकीबरोबर बघताना मजा जाईल, असल्या सबबी नंतर सुचल्या. त्या वेळी नुसता हावरेपणा होता. बाराच्या खेळाला मी, चार कॉलेजची पोरं आणि एक झोपलेले गृहस्थ एवढेच होतो. परतताना कसालला खोकी घेतली.

"खोक्यांक पाच तास?" बायको म्हणाली.

"दुकानदार जेवूक गेल्लो."

"खंय, लग्नाक?"

मी हसलो आणि तडक माळ्यावर जाऊन आंब्यांची आढी लावायला बसलो. आढी म्हणजे खाली पेंढ्याचा थर, त्यावर आंब्यांची ओळ, पुन्हा पेंढा. वाकून वाकून लावावी लागते. खोटं बोलून आलेल्या माणसाला हे काम बरं, तोंड कोणाला दिसत नाही. रात्री शर्टाच्या खिशात तिकीट शोधलं, ते नव्हतं. वाटेत उडालं असेल, बरंच झालं, असं वाटून मी सुखाने झोपलो.

शनिवारी पहाटे लेक उतरली. चहाआधी माळ्यावर जाऊन आढी चाचपायची, वासावरून पिकलेला आंबा ओळखून काढायचा, हा तिचा लहानपणापासूनचा शिरस्ता. दोन आंबे घेऊन खाली आली आणि म्हणाली, "बाबा, दुपारी जाऊया मा?"

"जाऊया तर! तुझीच वाट बघी होतंय," मी म्हणालो. हे तिसरं खोटं.

मी आयुष्यात एवढी मेहनत कधी केली नव्हती. विनोद यायच्या आधीच ओठ हलायला लागत, ते आवरायचे. स्फोटाला दचकायचं, पण बेताने. मध्यंतराच्या मिनिटभर आधी मी नकळत उठलो आणि सामोशांच्या रांगेत पहिला उभा राहिलो. तिच्यासाठी दोन तळलेल्या मिरच्या जास्तीच्या मागून आणल्या.

"बाबा, सांगा बघू, तो मुखवटेवालो कोण आसतलो?" तिने मिरची चावत विचारलं.

"हिरोचो मित्र," मी मुद्दाम चुकीचं सांगितलं.

"माका तर तो मास्तर वाटता."

"छट्! मास्तर कशाक असा करतलो?"

"मास्तरांचा काय सांगूचा नाय, बाबा."

तो मास्तरच निघतो. मी "आरे बापरे!" म्हणालो, जरा मोठ्यानेच. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला.

पण सिनेमा दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट दिसली, जी पहिल्यांदा दिसलीच नव्हती. तो हिरो अडीच तास घरच्यांशी खोटं बोलतो. खिडकीतून घरात येतो आणि आईला सांगतो, कामावर उशीर झाला. गुरुवारी मी त्यावर हसलो होतो. शनिवारी खुर्चीत चुळबुळ करत होतो. शेवटी आई त्याला म्हणते, मला कधीपासून माहीत होतं. गुरुवारी मला हे दृश्य ओढूनताणून आणलेलं वाटलं होतं. माहीत असताना कोण गप्प बसेल?

रविवारी लेक परत निघाली. आमच्याकडे कोणी लांब निघालं की घरच्या देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातल्या कर्त्याने देवाला सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. मी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरू पुण्याक जाता आसा. तेचो प्रवास सुखाचो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मायलेकी म्हणाल्या.

"आणि आमच्या हातून काय चुकला-माकला आसात..." इथे मी थांबून नारळ उगाच सरळ केला. वर्षानुवर्षं हे वाक्य मी सहज म्हणत आलो होतो.

"नेमका काय चुकला ता पण सांगा," लेक डोळे मिटूनच म्हणाली. "देवाक मोघम कशाक?"

मी देवाकडे बघितलं, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. "गुरवारी मी एकटोच सिनेमा बघून इलंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" दोघींचा आवाज एवढा खणखणीत, की गोठ्यातली म्हैस हंबरली.

लेकीने पर्समधून तिकीट काढून नारळाशेजारी ठेवलं. गुरुवार, बाराचा खेळ. "आढीत गावला. शनवारी सकाळीच."

वाकून आढी लावताना खिशातून पडलं होतं. पडायला जागाही अशी, जिथे ती सगळ्यात आधी हात घालते.

"मग बोललंस कशाक नाय?"

"राग इल्लो. वाटला, आता बाबांक माझी वाट बघूची गरज नाय. म्हटला, थेटरातच इचारीन." ती थांबली. "मगे तुमी मिरचे मागून हाडलास. आणि ती ॲक्टिंग! सिनेमापेक्षा बरी होती."

मी माफी मागितली, चुकलं म्हणालो, दोनदा. तिने नियमाला नवीन कलम जोडलं: यापुढे सिनेमा लागल्यापासून ती येईपर्यंत खोकी आणायला आई जाईल. बायकोने तिथल्या तिथे मान्य केलं, फक्त तिला मोटारसायकल चालवता येत नाही हे दोघींच्या लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही. मग बोललो. आता मला गप्प बसवत नाही.

सिनेमाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, अर्धा तास कापायलाच हवा. फक्त आईचं ते दृश्य ओढूनताणून आणलेलं आहे, हे मी परत घेतो. तिकीट अजून देवाजवळ आहे. बायको रोज त्याच्यावरची धूळ पुसते आणि पुन्हा तिथेच ठेवते.