बारा भागांची दोरी

फळ्यावर गणित मांडून झालं की सर खडू खाली ठेवायचे, दोन्ही तळवे आमच्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "हाताक कळला काय डोक्याक सांगूक लागणा नाय."

तुम्हालाही असे एखादे सर भेटले असतील. आमचे नववी-दहावीला गणित शिकवायचे, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. माडाची उंची त्यांनी सावलीवरून काढायला लावली आणि मग नारळ काढणाऱ्या पाडेल्याला वर चढवून दोरी खाली सोडायला सांगितली. आमच्या गटाचं उत्तर हातभर कमी आलं. सर म्हणाले, "तुमचो माड बरो. नारळ उभ्यान काढूक गावतले!" वर्ग आठवडाभर हसत होता.

सरांच्या जिभेला धार होती, हेही सांगायला हवं. गुणोत्तर शिकवताना ते एकदा पिशवीभर बांगडे घेऊन वर्गात आले. माझी आई बाजारात मासळी विकते, म्हणून मला उठवलं. "गो चेडवा, तुझी आवस बाजारात वाटे लावता. तुझ्या पुस्तकात नाय तितक्या गणित तेतूर आसा. लाय वाटे."

मी लावले. लहान-मोठे बांगडे असूनही पाचही वाटे सारखे आले. "बघा!" सर म्हणाले. पण मुलांनी ते बघितलंच नाही, नाकं तेवढी धरली. त्या दिवसापासून माझं नाव 'वाटो' पडलं. दहावी संपेपर्यंत मला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. आईला मात्र कोण आनंद! बाजारात ती सगळ्यांना सांगत सुटली, "मास्तरांनी माझ्या वाट्यांचो धडो केलो!" मला तिचीही लाज वाटली.

मग शाळेत सायकल शेड बांधायचं ठरलं. सर म्हणाले, पायाचा काटकोन आम्ही आखून देतो. एका सुती दोरीवर सारख्या अंतरावर गाठी मारून बारा भाग करायचे, खुंट्यांना तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणायचा, की काटकोन तयार. ते बघायला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. सरांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते त्याच दिवशी ठरणार होतं. सगळ्या शाळेला हे ठाऊक होतं. मलाही.

गाठी मी मारल्या होत्या. माझे वडील होडीवर जातात, त्यामुळे गाठी हाताला येतात. सरांनी दोरी माझ्याकडेच सांभाळायला दिली.

सुती दोरी भिजली की आखडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या सकाळी शाळेत येताना मी खाडीवर थांबले आणि दोरीचा पाच भागांचा शेवट पाण्यात बुडवून ठेवला. बाकीची दोरी हातात कोरडी धरून बसले.

"गाठी या मुलीनं मारल्यात," सर अध्यक्षांना सांगत होते. "मार्क बेताचे, पण हात सोन्याचे." दोरी ताणली. गवंड्यानं कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि नकारार्थी मान हलवली.

"मास्तर, ह्यो काटकोन काय कोयतो?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, हे लिहायला हात धजत नव्हता.

सरांनी दोरी बोटांतून सरकवत नेली. एका ठिकाणी बोटं थांबली. त्यांनी बोट जिभेला लावलं. खारट लागलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

सरांना पुढच्या वर्षी ठेवलं नाही. जाण्याच्या दिवशी त्यांनी दोरी माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच ऱ्हवांदे. आखडलेली दोरी सुकली तरी परत लांब होणा नाय. तुका म्हायत आसा." एवढंच. मग ते एसटीत बसले.

आता मी कॉलेजात आहे, आमच्या घरातली पहिलीच. गेल्या सुट्टीत आईनं ती दोरी माशांच्या पाटीला बांधायला काढली. तिला अक्षरओळख नाही. बोलता बोलता तिनं दोरी बोटांतून सरकवली आणि पाच गाठी राहिल्या असताना, जिथून गाठी जवळ जवळ आल्या होत्या तिथं, तिची बोटं थांबली.

"ह्या टोक मुद्दाम भिजयला कोणी गो?"

तिनं एक गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. गाठ माझ्या हातची आहे, हे तिला कळत होतं; शेडच्या दोरीची गोष्ट तर तेव्हा गावभर झाली होती.

"आणि माझ्या वाट्यांचो धडो करणारे मास्तर," तिनं विचारलं, "ते खंय गेले गो?"